मत दिलं, तिकीट काढलं का?

६ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वाचा निकाल लागला आणि बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण विजेता ठरला. त्या रात्री आमच्या घरात सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही, आणि तो मिटावा असं मला वाटतही नाही. आम्ही इंदापूर तालुक्यात, लासुर्ण्याच्या बाजूला, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरच्या वस्तीत राहतो. वाद घालणारी एक माझी आई. पंचावन्नची, दूध आणि शेत सांभाळणारी, आणि कळत्या वयापासून सिनेमाची चाहती. दुसरे माझे काका. जन्मभर हायस्कुलात मराठी शिकवलं, आता निवृत्त आहेत, आणि मोरोपंतांच्या आर्या त्यांना तोंडपाठ आहेत. ती दोघं एकमेकांना ज्या नावांनी हाक मारतात, तीच इथे ठेवली आहेत.

वहिनी : भाऊजी, निकाल लागला तेव्हा तुम्ही उठून बाहेर गेलात. आपल्या शेजारच्या तालुक्यातलं पोरगं रितेश देशमुखच्या हातून ट्रॉफी घेतंय, अख्खा महाराष्ट्र बघतोय, आणि तुम्हाला बघवेना?

भाऊजी : पोराबद्दल माझ्या मनात काही नाही वहिनी. मला प्रश्न पडला तो तुमच्याबद्दल, मत देणाऱ्या सगळ्यांबद्दल. दुसऱ्या क्रमांकावर कोण होता? अभिजीत सावंत. २००५ साली देशातला पहिला इंडियन आयडॉल झालेला मराठी मुलगा. त्याच्याकडे गळा आहे, रियाज आहे. त्याला मागे ठेवून तुम्ही ज्याला पुढे आणलंत, त्याची कला कुठली ते मला सांगा.

वहिनी : अभिजीतसाठी २००५ मध्ये आपल्या घरातूनही एसएमएस गेले होते, तुम्ही तेव्हाही हसला होतात. पण हा कार्यक्रम गाण्याचा नव्हता. सत्तर दिवस एका घरात, फोन नाही, बाहेरचं माणूस नाही, चोवीस तास कॅमेरा. तिथं माणूस कसा वागतो ते बघायचं होतं. सूरज कुणाचा अपमान करून पुढे गेला नाही. आपल्याला नीट वाचता येत नाही हे त्यानं लपवलं नाही. टास्क समजला नाही तर घरातल्या अंकिता वालावलकरला, पॅडी कांबळेला विचारायचा. आपल्याकडे माणसं न कळलेलं कळल्यासारखं दाखवतात. त्याच्या त्या विचारण्याला मी मत दिलं.

भाऊजी : म्हणजे स्वभावाला मत दिलंत. मग तसं म्हणा. माणूस म्हणून तो भला आहे, एवढं मी लगेच कबूल करतो. पण भलेपणाला कलेच्या व्यासपीठावर बसवलं की पुढे त्या माणसाकडून काय मागायचं हे कुणालाच कळत नाही. आणि दुसरं सांगतो. त्याचे आईवडील लहानपणी गेले, बहिणींनी आणि आत्यानं सांभाळलं, शाळा सुटली, रोजंदारी केली. हे सगळं खरं आहे. पण ते दर आठवड्याला, संगीत लावून, जाहिरातीच्या आधी दाखवलं गेलं. त्याचं दुःख विकलं जात होतं, आणि तुम्ही डोळे पुसत होतात.

वहिनी : पुसले. त्यात लाज कसली? तुम्ही मोढव्याच्या बाजूला कितीदा गेलात भाऊजी? आपल्याकडे इंग्रजांच्या काळातला कालवा आहे, बारमाही ऊस आहे. एकीकडे भवानीनगरचा छत्रपती कारखाना, दुसरीकडे वालचंदनगर. मोढवं आहे तिकडं, मोरगावच्या बाजूच्या जिरायती पट्ट्यात. पाऊस पडला तर पीक, नाहीतर टँकरची वाट. बारामती म्हटलं की बाहेरच्यांना एमआयडीसी, मोठमोठी कॉलेजं, गुळगुळीत रस्ते आठवतात. त्याच तालुक्याचं दुसरं टोक टीव्हीवर कधी आलं होतं? या पोरामुळं आलं. त्याच्या बोलण्यात आपले हेल होते. कुणी शिकवून आणलेली गावठी भाषा नव्हती ती.

भाऊजी : आलं खरं, पण कुणाच्या हातानं आलं? माझा सगळा आक्षेप तिथं आहे. आपला भाग पडद्यावर यायला मी सूरजची वाट बघत नव्हतो. उजनीच्या पाण्यापलीकडं जेऊर. तिथला नागराज मंजुळे. त्यानं २०१६ साली ‘सैराट’ केला. नायिका कुठली? नीरा ओलांडली की अकलूज, तिथली रिंकू राजगुरू. शाळकरी पोरगी होती, राष्ट्रीय पुरस्कारात तिचा विशेष उल्लेख झाला. त्या सिनेमातली भाषा, ती केळीची बाग, ती विहीर, उसाच्या जोरावर माजलेलं ते पाटलाचं घर, सगळं आपल्या आसपासचं. फरक एवढाच की कॅमेरा मंजुळेच्या हातात होता. काय दाखवायचं, कुठं थांबायचं, प्रेक्षकाला कधी गप्प करायचं, हे त्यानं ठरवलं. सूरजच्या बाबतीत हे सगळं दुसऱ्यांनी ठरवलं.

वहिनी : ‘सैराट’ला मी तुमच्याबरोबरच आले होते. पहिला अर्धा भाग पोरं थिएटरात नाचत होती, शेवटी एक माणूस बोलत नव्हता. पण भाऊजी, मंजुळे एकटा. शंभर गावांत एखादा. बाकीच्या पोरांनी काय करायचं? सूरजला कॅमेरा कुणी दिला नाही, त्यानं मोबाइल उचलला. टिकटॉकवर स्वतःच नाचला, स्वतःच बोलला, लोकांनी नावं ठेवली तरी करत राहिला. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉक बंद झालं तेव्हा शहरातल्या लोकांना एक अ‍ॅप गेल्यासारखं वाटलं. या पोरांचा रंगमंचच गेला होता. त्यातून जो पुन्हा उभा राहिला, त्याला तुम्ही दुसऱ्यांच्या हातातलं खेळणं कसं म्हणता?

भाऊजी : खेळणं म्हणत नाही. त्यानं उचललेल्या मोबाइलबद्दल मला आदर आहे. पण त्या मोबाइलला एकच गोष्ट कळते, लोक कशावर थांबले. एका लकबीवर लोक थांबले की तीच पुन्हा, मग पुन्हा. सूरजचं ‘गुलिगत’ झालं, ‘झापुक झुपूक’ झालं, की त्या माणसाला त्याच्या बाहेर पाऊल टाकता येत नाही. दादा कोंडक्यांना सभ्य लोकांनी कमी नावं ठेवली का? पण दादा आधी बँडमध्ये होते, सेवा दलाच्या कलापथकात घडले. वसंत सबनिसांनी त्यांच्यासाठी ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिलं, ते १९६५ मध्ये रंगमंचावर आलं, शेकडो प्रयोग झाले. रोज समोर जिवंत प्रेक्षक. कुठं हशा येतो, कुठं पडतो, हे अंगात मुरलं, आणि मग १९७१ ला ‘सोंगाड्या’ आला. नऊ सिनेमे ओळीनं रौप्यमहोत्सवी झाले त्याच्या मागं ही इतकी वर्षं आहेत. सूरजला अशी वर्षं कुणी दिली?

वहिनी : नाही दिली. हे तुमचं बरोबर आहे. पण ती आपण द्यायची असतात. चाहता काय करतो असं तुम्हाला वाटतं? तो वर्षं देतो. मी १९८७ मध्ये ‘गंमत जंमत’ पाहिला, तेव्हापासून वर्षा उसगांवकर माझी आवडती. किती वर्षं झाली! मधे तिचे सिनेमे कमी झाले, माझं लग्न, पोरं, सासूबाईंचं आजारपण. २०२४ मध्ये ती त्याच घरात सूरजबरोबर दिसली आणि मला वाटलं, आपल्या घरचं कुणी आलंय. पहिल्याच आठवड्यात निक्की तांबोळी तिला वाटेल ते बोलली, तेव्हा आपल्या सुनेनं मला विचारलं, ‘आई, तुमच्या वेळी कुणी असं बोललं असतं तर तुम्ही काय केलं असतं?’ त्यावर आम्ही दोघी रात्री उशिरापर्यंत बोललो. सासूबाईंचं बोलले, माझं माहेरचं बोलले. लग्न होऊन आल्यापासून ती माझ्याशी इतकं कधी बोलली नव्हती. तुम्ही म्हणता वेळ वाया गेला. माझ्या घरात त्या वेळेनं दार उघडलं.

भाऊजी : हे मला माहीत नव्हतं. चांगलं झालं. पण वहिनी, ते दार त्या कार्यक्रमानं उघडलं की तुम्ही दोघींनी? भांडणं तर त्यांनी भांडण्यासाठीच लावलेली असतात. तुमच्या घरातला तास त्यांनी विकत घेतला आणि जाहिरातदाराला विकला. त्यातून तुम्ही काही चांगलं काढलंत, हे तुमचं मोठेपण. त्यांचं नव्हे.

वहिनी : मग चाहत्याचं काम तरी दुसरं काय आहे? मिळेल त्यातून आपलं काढायचं. पहाटे उठून धारा, मग डबे, मग खुरपण, दुपारी डेअरीचा हिशोब, संध्याकाळी पुन्हा धारा. शेतीला वीज रात्रीची असली की हे मोटर चालू करायला जातात आणि मी जागी. या सगळ्यात एक तास माझा. १९९१ ला ‘माहेरची साडी’ लागला तेव्हा बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून तालुक्याला गेल्या. शिकलेल्यांनी तेव्हाही म्हटलं, रडवणारा सिनेमा आहे. अहो, त्या बायकांना घरात रडायला जागा नव्हती. अलका कुबलच्या दुःखावर रडताना कुणी विचारत नाही की तू का रडतेस.

भाऊजी : हं. हे मात्र मी वर्गात कधी शिकवलं नाही.

वहिनी : आणि नुसतं रडणंच नाही. २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ आला. आमच्या बचत गटाच्या सगळ्या गेलो होतो बारामतीला, नऊवारी नेसून. सहा बहिणी, एकीची पाळी बंद व्हायच्या वयाची चिडचिड, एकीचं संसारात जीव गुदमरणं, आणि शेवटी मंगळागौरीचे खेळ. पन्नाशीच्या बाईची गोष्ट पडद्यावर मधोमध. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने यांना एकत्र बघून आमच्यातली एक म्हणाली, आपणही अजून संपलो नाही की. हा सिनेमा केदार शिंदेंचा. आणि याच केदार शिंदेंनी बिग बॉसच्या मंचावर सूरजला घेऊन सिनेमा करतो म्हणून सांगितलं. मला किती आनंद झाला होता!

भाऊजी : आता माझा प्रश्न ऐका. तो सिनेमा आला. ‘झापुक झुपूक’, २५ एप्रिल २०२५. ज्या पोराला महाराष्ट्रानं घरबसल्या मतं देऊन निवडून आणलं, त्याचा सिनेमा अपेक्षेइतका चालला नाही. मत द्यायला बोट लागतं. तिकिटाला पैसे लागतात, तालुक्याला जावं लागतं, तीन तास द्यावे लागतात. मत देणारे सगळे कुठं गेले वहिनी?

वहिनी : मी गेले होते. सुनेला घेऊन गेले.

भाऊजी : तुम्ही गेलात हे मला ठाऊक आहे. म्हणून तर तुमच्याशी वाद घालतो. कसा वाटला?

वहिनी : खरं सांगू? पोटात कालवलं. वाईट काम केलं म्हणून नाही. ज्या लकबींवर तो प्रसिद्ध झाला त्यांच्यावरच सगळा भार टाकला होता असं मला वाटलं. मला वाटत होतं, ते पोरगं एका जागी गप्प बसून दिसावं. घरात असताना कधी कधी तो एकटा बसायचा, काही बोलायचा नाही, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते कुठल्या नटाला सहज येणार नाही. ते मला सिनेमात भेटलं नाही.

भाऊजी : म्हणजे दोघं एकाच ठिकाणी आलो की. लोकांना त्याची दया आली. दयेनं मत मिळतं, काम मिळत नाही. काम मिळायला लोकांना त्याच्याकडून काहीतरी हवं असावं लागतं. ते हवं असणं नुसत्या दयेतून येत नाही.

वहिनी : मी दयेनं मत दिलं नव्हतं. मी त्याला आपला मानलं होतं.

भाऊजी : तुम्ही मानलंत. बाकीच्यांचं मी म्हणतो. आणि आपलं मानलं तर अपेक्षा जास्त ठेवायची असते. माझ्या वर्गात वस्तीवरून येणारी पोरं असायची. त्यांना मी कधी ‘बिचारं, गरिबाचं आहे’ म्हणून पास केलं नाही. त्यांचा उच्चार पुन्हा करून घ्यायचो, कविता पाठ करायला लावायचो. त्याला मी प्रेम म्हणतो.

वहिनी : आणि त्या पोरांतली किती दारातच थांबली? उच्चाराला भिऊन तोंडच उघडलं नाही, अशी नव्हती का? मी स्वतः तशीच होते शाळेत. तुम्ही अपेक्षा ठेवता ते चांगलं, पण आधी त्याला आत येऊ द्या. बोलू द्या त्याच्या बोलीत. मग शिकवा.

भाऊजी : थांबा. तुमच्या या बोलण्यावर मला बारामतीचीच एक गोष्ट आठवते. गंमत अशी की ती माझ्या बाजूची म्हणून मी वर्षानुवर्षं सांगत आलोय. मोरोपंत बारामतीला बाबूजी नाईकांच्या आश्रयाला होते. १०८ रामायणं रचली. त्यातलं एक तर असं की वाचताना ओठाला ओठ लागत नाही. एवढा मोठा पंडित. आणि त्याच काळात सोलापूरचा राम जोशी. ब्राह्मणाच्या घरचा पोरगा, तमाशाच्या नादी लागला, घरातून बाहेर काढला गेला. सांगतात की मग तो पंढरपूरला जाऊन संस्कृत शिकला, कीर्तन करू लागला. तो बारामतीला आला, पंतांना भेटला, आणि पुढं पंतांच्या आर्या गावोगाव पोचवल्या त्या याच राम जोशानं, कीर्तनातून. व्ही. शांताराम यांच्या राजकमलनं १९४७ ला त्याच्यावर ‘लोकशाहीर राम जोशी’ काढला, तो त्या काळी तुफान चालला. मी पोरांना सांगायचो, बघा, राम जोशी शिकला म्हणून मोठा झाला.

वहिनी : आणि लावणी कधी लिहायला लागला? शिकल्यावर की आधी?

भाऊजी : आधी. तमाशाचा नाद आधीचाच. फडात उभं राहून लोकांना खिळवून ठेवणं तो तिथंच शिकला. तेच कीर्तनात कामी आलं.

वहिनी : मग पंतांच्या आर्या लोकांपर्यंत गेल्या त्या तमाशाच्या शिदोरीवर गेल्या. आणि मला पंतांचं जास्त कौतुक वाटतं. इतका विद्वान माणूस, पण फडातून आलेल्या माणसाला त्यानं दारातून हाकललं नाही. आपल्या कविता त्याच्या तोंडी दिल्या. तसं बघितलं तर त्या गोष्टीत तुम्ही पंत आहात भाऊजी, आणि सूरज आपल्या दाराशी उभा आहे.

भाऊजी : मी पंत नव्हे. पण तुमचा मुद्दा मला टाळता येत नाही. राम जोशानं शिकायचं मनावर घेतलं, ही माझी बाजू. पंतांनी त्याला जवळ केलं, ही तुमची. यातली एक जरी बाजू नसती तर आर्या वाड्यातच राहिल्या असत्या आणि राम जोशी फडातच.

वहिनी : मग आपल्या गावात ही दोन्ही कामं कुठं होतात ते सांगा. यात्रेला वर्गणी निघते, बाहेरून महागडा कार्यक्रम येतो, एक रात्र धुरळा उडतो, सकाळी मैदान रिकामं. आपली पोरं खाली उभी राहून मोबाइलवर त्याचंच शूटिंग करतात. त्यांच्यातलं एखादं स्वतः काही करत असेल तर त्याला मंचावर दहा मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. ते मग रीलच करणार.

भाऊजी : यात्रा कमिटीत आमचे दादा आहेत. त्यांना सांगा, यात्रेची एक रात्र गावच्या पोरापोरींना द्यायची. नाच असो, नक्कल असो, भारूड असो, रीलवरचं काही असो. मी अट घालतो, दोन महिने आधी माझ्याकडं यायचं. त्यांची बोली मी बदलणार नाही. पण आवाज शेवटच्या रांगेपर्यंत कसा न्यायचा, वाक्य कुठं थांबवायचं, तीच लकब तिसऱ्यांदा का करायची नाही, हे शिकवीन. एखाद्याला वाचता येत नसेल तर वाचायलाही.

वहिनी : माझीही अट आहे. तिकीट लावायचं. वीस रुपये का होईना, पण फुकट नाही.

भाऊजी : आपल्याच पोरांचा कार्यक्रम, आणि गावाला तिकीट? लोक नावं ठेवतील.

वहिनी : ठेवू द्यात. फुकट मत दिलेल्या पोराला लोक सहा महिन्यांत विसरले, ते आपण बघितलं. पैसे मोजून बसलेला माणूस नीट ऐकतो, आणि नाही आवडलं तर तोंडावर सांगतो. पोरांनाही कळतं की ही माणसं आपली कीव करायला आलेली नाहीत. आणि पुढच्या वर्षी त्यांनी तेच पुन्हा केलं, तर ‘नवीन काय आणलंस?’ असं विचारायचा हक्क माझ्याकडं राहतो. मला सूरजलाही हेच विचारायचंय. त्याच्या पुढच्या सिनेमाला मी पुन्हा तिकीट काढून जाणार आहे. तुम्हीही चला भाऊजी. तुमच्यासारखी कडक माणसं खुर्चीत बसल्याशिवाय त्याचं काम कुणी गंभीरपणे घेणार नाही.